क्यूबिक : आपल्या शाळेची लाइव्ह डीव्हीडी आपणच बनवायची

ज्या शिक्षकाच्या वाट्याला जुने संगणक, कधी असणारं कधी नसणारं नेट आणि मराठीतून शिकणारी लेकरं आलेली आहेत, त्यानं क्यूबिक वापरून बघावंच. पूर्ण नाव 'कस्टम उबुंटू आयएसओ क्रिएटर'. फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमची मूळ आयएसओ फाइल (म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली नक्कल) याला द्यायची, तिच्यात हवं ते सॉफ्टवेअर घालायचं, नको ते काढायचं, की आपली स्वतःची नवी आयएसओ तयार. ती डीव्हीडीवर किंवा पेनड्राइव्हवर टाकली की संगणक थेट तिच्यावरून सुरू होतो. आत हार्ड डिस्क असली काय, नसली काय.

आमच्या शाळेत हा शेवटचा मुद्दा फार मोठा आहे. अंबाजोगाई तालुक्यातलं गाव, माध्यमिक शाळा, संगणक खोलीत दहा-बारा जुने संगणक. बहुतेक ड्युअल कोअरचे, दोन जीबी रॅमचे. उन्हाळ्यात व्होल्टेज असं खालीवर होतं की आधी यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्या आणि मग एकेक करत हार्ड डिस्क. मदरबोर्ड चांगला, मॉनिटर चांगला, पण चालू केलं की काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा निरोप. हे सगळं भंगारात काढायचं घाटत होतं. आज ते संगणक रोज चालतात, प्रत्येकावर एकसारखा पडदा उघडतो, तोही मराठीत.

लाइव्ह डिस्कची कल्पना जुनीच आहे. क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसानं २००० साली क्नॉपिक्स काढलं, तेव्हा ७०० एमबीच्या एका सीडीत सुमारे २ जीबीचं सॉफ्टवेअर दाबून बसवलं होतं. उबुंटूवाले तर २००५ ते २०११ या काळात मागेल त्याला पोस्टानं फुकट सीडी पाठवायचे. २०१२ मध्ये उबुंटूची १२.१० ही आवृत्ती आली आणि ती सीडीत मावेनाशी झाली. तेव्हापासून आपण सवयीनं 'लाइव्ह सीडी' म्हणतो, पण हातात असते ती डीव्हीडी, नाहीतर पेनड्राइव्ह.

आतली रचना एकदा समजून घेतली की क्यूबिकशी लवकर जुळतं. आयएसओच्या पोटात स्क्वॉशएफएस प्रकारची एक मोठी, दाबलेली फाइल असते. सगळी ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात. ती वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही. संगणक सुरू झाला की तिच्यावर रॅममध्ये दुसरा एक थर चढतो आणि पोरं जे काही उलटंसुलटं करतील ते त्या वरच्या थरात जातं. भूगोलाच्या तासाला नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा मारतो तसं: पेपर उचलला की खालचा नकाशा जसाच्या तसा. क्यूबिक नेमका त्या खालच्या फाइललाच हात घालतं. ती उलगडतं, आपल्याला आत शिरू देतं आणि आपलं काम झालं की पुन्हा दाबून बांधतं. पूर्वी रीमास्टरसिस नावाचं साधन अशा कामाला वापरायचे, ते बंद पडलं. हातानं करायचं म्हटलं तर कमांडची लांबलचक माळ पाठ करावी लागते, आणि एक मणी इकडचा तिकडं झाला की डिस्क उघडतच नाही.

क्यूबिकमध्ये एकेक पान पुढं सरकत जायचं. आधी कामाचा फोल्डर विचारतं, मग मूळ आयएसओ. डावीकडे जुन्या आयएसओची माहिती दिसते, उजवीकडे नवीचं नाव, आवृत्ती वगैरे आपण भरायचं. मग ते फाइल उलगडतं आणि एक टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून देतं. साधनाचा खरा जीव या टर्मिनलात आहे. इथं टाइप केलेली प्रत्येक कमांड आपल्या लॅपटॉपवर न चालता त्या भावी डीव्हीडीच्या आत चालते. 'एपीटी इन्स्टॉल' म्हणून जे मागवाल ते आयएसओच्या पोटात जाऊन बसतं. बाहेरचा एखादा फोल्डर आत न्यायचा असेल तर माउसनं ओढून त्या खिडकीवर सोडला तरी चालतं. पुढं काही पानं बूटच्या मेन्यूची आणि इन्स्टॉलरच्या यादीची आहेत, ती मी बहुतेक वेळा नुसती ओलांडते. शेवटी दाबण्याची पद्धत निवडायची आणि फाइल तयार होईपर्यंत वाट बघायची. झाल्यावर तिथल्या तिथंच, आभासी संगणकात ती सुरू करून बघण्याचं बटण आहे. चाचणीसाठी दर वेळी डीव्हीडी खर्ची घालावी लागत नाही. गावात डीव्हीडी मिळत नाहीत, लातूरला गंजगोलाईकडं जाणारा कोणी असला तर सांगून मागवाव्या लागतात, म्हणून मला या बटणाचं फार मोल वाटतं.

आता मी आत काय घालते ते सांगते, कारण क्यूबिक घ्यायचं ते यासाठीच.

पायाला मी लिनक्स मिंट २१.३ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेते. उबुंटू घेतलं नाही, त्याला कारण आहे. उबुंटूनं २१.१० पासून फायरफॉक्स स्नॅप या वेगळ्या पॅकेज स्वरूपात द्यायला सुरुवात केली, आणि स्नॅपची पॅकेजं क्यूबिकच्या टर्मिनलात नेहमीसारखी बसवता येत नाहीत. मिंटमध्ये फायरफॉक्स साध्या पॅकेजच्या रूपात येतो, ती कटकटच राहत नाही.

पहिलं काम मराठीचं. मराठी भाषा पॅक, लिबरऑफिसचं मराठी पॅक, टाइप करण्यासाठी आयबस आणि त्याचं एम१७एन, ज्यात मराठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक आहेत. फाँट म्हणून लोहित आणि नोटो, शिवाय मुक्त परवान्याचं मुक्ता. शाळेत जुन्या प्रश्नपत्रिका ज्या फाँटमध्ये टाइप झाल्या आहेत ते बहुतेक युनिकोडपूर्व काळातले. ते फाँट नसले तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ज्या फाँटचा परवाना वाटपाला मुभा देतो तेवढेच मी आयएसओत घातले, बाकीच्या प्रश्नपत्रिका हळूहळू युनिकोडमध्ये आणून घेतोय. मिंटचे सगळे मेन्यू मराठीत येत नाहीत, काही इंग्रजीत राहतात. पण लिबरऑफिस रायटर मराठीत उघडतं, 'जतन करा', 'छापा' असं दिसतं, आणि आठवीच्या लेकराला ते लगेच वाचता येतं. पहिल्या दिवशी एक पोरगी मागं वळून मैत्रिणीला म्हणाली, "अगं, हे तर मराठीत बोलायलंय की!" शाळेतल्या संगणकानं लेकरांशी त्यांच्या भाषेत बोलावं, एवढ्यासाठी मी हा सगळा खटाटोप करते.

मग शिकवायचं सामान. लहान वर्गांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, बोटं बसवायला टक्स टायपिंग, भूमितीला जिओजेब्रा, प्रोग्रामिंगची ओळख करून द्यायला के-टर्टल. कासवाला दोन-चार आज्ञा देऊन चौकोन काढणं सातवीला फार आवडतं. स्टेलेरियमही घातलं आहे. जुन्या ग्राफिक्सवर ते अडखळतं, म्हणून ते एकाच बऱ्या संगणकावर दाखवते, पण आकाश अभ्यासायला त्याला तोड नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात, आमच्या इयत्तांची तेवढी उतरवून ठेवली आहेत. आणि किविक्स, म्हणजे विकिपीडिया नेटशिवाय वाचायचं साधन, त्याच्या जोडीला मराठी विकिपीडियाची फाइल, ती मात्र आयएसओच्या बाहेर पेनड्राइव्हवर. मोबाइलला टॉवर नसतो तेव्हाही पोरं 'गोदावरी नदी' शोधून वाचतात.

जे काढून टाकलं तेही महत्त्वाचं. ईमेलचा प्रोग्राम, टॉरेंटचा, अपडेटची सारखी आठवण करून देणारा, सगळे गेले. लाइव्ह डिस्कवर अपडेट करून काहीच साधत नाही, उलट पोरं बटण दाबतात आणि रॅम भरते. दोन जीबी रॅम मिंटसाठी किमान आहे. त्यासाठी झेडरॅम घातलं, ते रॅममधलाच मजकूर दाबून ठेवून थोडी जागा करून देतं. फायरफॉक्समध्ये तीन-चार टॅबच्या पुढं गेलं तर संगणक दमतो. हे वर्गात आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता तक्रार. क्यूबिकच्या त्या टर्मिनलात चित्रमय प्रोग्राम उघडत नाहीत. पडद्याचं चित्र बदलायचं, पॅनेलवर आयबसचं बटण ठेवायचं, फायरफॉक्सचं मुखपृष्ठ ठरवायचं, ही सगळी माउसची कामं इथं माउसनं करता येत नाहीत. लाइव्ह डिस्क सुरू होताना तात्पुरता वापरकर्ता तयार होतो आणि त्याच्या घरात, म्हणजे होम फोल्डरमध्ये, ईटीसीमधल्या स्केल (skel) फोल्डरचा मजकूर उतरतो. म्हणून आपल्या सगळ्या पसंती त्या फोल्डरमध्ये पोचवाव्या लागतात. मी आधी साधी आयएसओ बनवून ती एका संगणकावर सुरू करते, तिथं माउसनं सगळं मनासारखं लावते, मग घरातला लपलेला कॉन्फिग फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन क्यूबिकमध्ये स्केलच्या आत ठेवते. चालतं व्यवस्थित. पण नव्या माणसाला हे सुचणार कसं? क्यूबिकच्या पानांवर याचा कुठं सुगावा नाही. एवढं नेटकं साधन बनवणाऱ्यानं यासाठी एक पान द्यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट जागेची. कामाचा फोल्डर लिनक्सच्या ईएक्सटी४ विभागावरच हवा, विंडोजच्या एनटीएफएसवर किंवा पेनड्राइव्हवर चालत नाही. तिथं मूळ आयएसओ, उलगडलेली सिस्टिम आणि नवी आयएसओ अशी तिन्ही एकाच वेळी असतात, म्हणून २५-३० जीबी मोकळी जागा धरून चालावं. क्यूबिक विंडोजवर चालत नाही. ज्यांच्या लॅपटॉपवर फक्त विंडोज आहे त्यांनी व्हर्च्युअलबॉक्स या आभासी संगणकाच्या साधनात मिंट बसवून त्यात क्यूबिक चालवावं, डिस्क मात्र मोठी द्यावी.

दाबण्याची पद्धत निवडताना घाई करू नये. एक्सझेड सर्वांत लहान फाइल देतं, पण बनवायला फार वेळ घेतं, आणि जुन्या प्रोसेसरला प्रत्येक वेळी ती उलगडतानाही दम लागतो. एलझेड४ झटपट होतं, पण फाइल फुगते. मी झेडस्टँडर्डवर थांबले आहे, आकार आणि वेग दोन्ही पदरात पडतात. डीव्हीडीवर ४.७ जीबी छापलेलं असतं. १०२४ च्या हिशेबानं ते ४.३७ च भरतं, म्हणून आयएसओ त्याच्या आत ठेवावी लागते. फाइल बनवायच्या आधी 'एपीटी क्लीन' करून उतरवलेली पॅकेजं पुसली की बरीच जागा वाचते.

फाइल दाबली जात असताना लाइट गेली तर? आमच्याकडं हा प्रश्न आधी विचारावा लागतो. लॅपटॉपची बॅटरी तग धरत नसेल तर काम मध्येच तुटतं, पण उलगडलेला, बदललेला सगळा फोल्डर डिस्कवर शाबूत असतो. क्यूबिक पुन्हा उघडून तोच फोल्डर दाखवला की ते पुढं चालू ठेवायचं का म्हणून विचारतं. फक्त शेवटचं पान परत चालवावं लागतं. हीच सोय पुढच्या सत्रालाही कामी येते: नवं पुस्तक आलं, एखादं सॉफ्टवेअर वाढवायचं झालं, तर शून्यापासून सुरुवात नाही. माझ्या लेखी क्यूबिकचा सर्वांत मोठा गुण हा.

डीव्हीडी की पेनड्राइव्ह? परवडत असेल तर पेनड्राइव्ह, यात शंका नाही. डीव्हीडीवरून सुरू व्हायला वेळ लागतो, प्रत्येक प्रोग्राम उघडताना ड्राइव्ह घरघरतो, आणि धुळीनं ड्राइव्हची लेन्स खराब झाली की संपलं. तरी डीव्हीडी मी सोडलेली नाही. ती पुसता येत नाही, तिच्यात व्हायरस शिरत नाही, खिशात घालून घरी न्यायचा मोह कुणाला होत नाही, आणि काही संगणक इतके जुने आहेत की यूएसबीवरून सुरूच होत नाहीत. पेनड्राइव्ह बनवायला व्हेंटॉय उत्तम: एकदा ते बसवलं की आयएसओ साध्या फाइलसारखी कॉपी करायची, बस्स. ज्या पद्धतींत आयएसओ फोडून तिच्यातल्या फाइली फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाकल्या जातात, तिथं दाबलेली फाइल ४ जीबीच्या वर गेली की ती मावत नाही. किविक्सची मोठी फाइल घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मी ती फाइल आयएसओच्या बाहेर, व्हेंटॉयच्याच पेनड्राइव्हवर ठेवते.

बंद केलं की सगळं पुसलं जातं, हा शाळेसाठी मोठा फायदा आहे. कुणी पॅनेल गायब केलं, कुणी भाषा बदलून ठेवली, दुसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी. पण लेकरांचं कामही पुसलं जातं. "बाई, कालचं माझं चित्र कुठं गेलं?" या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. कॅस्परमध्ये, म्हणजे ही लाइव्ह सिस्टिम उभी करणाऱ्या भागात, बदल टिकवायची सोय आहे: पेनड्राइव्हवर 'रायटेबल' नावाचा विभाग करायचा आणि बूटच्या ओळीत 'पर्सिस्टंट' हा शब्द घालायचा. वर्गात मी ती मुद्दाम वापरत नाही, कारण मग बिघाडही टिकतात. प्रत्येक तुकडीला एक पेनड्राइव्ह आहे, तास संपायच्या आधी आपापल्या नावाच्या फोल्डरमध्ये काम जतन करायचं. दिवाळीनंतर आमच्या वर्गातली काही लेकरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाच्या तोंडाला परततात. आली की त्यांच्यापुढं तोच पडदा असतो, फोल्डरही असतो. नव्यानं काही समजावून सांगावं लागत नाही.

क्यूबिकला पर्याय म्हणून एमएक्स लिनक्स या दुसऱ्या लिनक्समधलं एमएक्स स्नॅपशॉट सांगायला हवं. त्याची पद्धत अगदी उलटी. एका संगणकावर एमएक्स बसवायचं, माउसनं सगळं मनासारखं लावायचं आणि स्नॅपशॉटला सांगायचं की हा चालू संगणक जसाच्या तसा आयएसओत उतरव. स्केल फोल्डरचा खटाटोप बराच वाचतो. वाटपासाठी बनवताना वापरकर्त्यांची खाती कोरी करायचा पर्याय मात्र आठवणीनं निवडायचा, नाहीतर आपले पासवर्ड आणि फाइली सगळ्यांच्या हाती जातात. ३२ बिटच्या संगणकांसाठी तर हाच मार्ग. उबुंटू आणि मिंट आता ३२ बिटमध्ये येत नाहीत, पण डेबियन १२ या लिनक्सवर बेतलेलं एमएक्स २३ येतं. आमच्याकडं असे दोन संगणक आहेत, ते एमएक्सवर चालतात. कमांडची भीती वाटत असेल तर सुरुवात एमएक्सपासून करावी, असंच मी सांगीन. बाकीच्या संगणकांसाठी मी क्यूबिक निवडलं, कारण त्यात दर वेळी स्वच्छ मूळ आयएसओपासून सुरुवात होते. लावालावी करताना साचलेला केर आयएसओत जात नाही, आणि आत काय आहे याचा हिशेब आपल्याकडं राहतो.

तयार शैक्षणिक लिनक्सही आहेत. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेचं बॉस आहे, एज्युबंटू २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालं, केरळात तर काइट ही सरकारी संस्था तिथल्या शाळांसाठी उबुंटूवर बेतलेली आपली सिस्टिम काढते. केरळचं काम बघून मला फार बरं वाटतं आणि महाराष्ट्रात असं व्हावं असं मनापासून वाटतं. तोवर एका तालुक्यातल्या चार शिक्षकांनी मिळून एक आयएसओ बनवली तरी चालण्यासारखं आहे. नेट एकालाच लागतं, बाकीच्यांनी पेनड्राइव्ह घेऊन यायचं. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो, जो आपल्या शाळांतल्या या जुन्या संगणकांत नाही. म्हणजे हे काम आता कुणी ना कुणी हाती घ्यायलाच हवं.

घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. मिंट २१.३ ला एप्रिल २०२७ पर्यंत अपडेट मिळतील, त्यानंतर उबुंटू २४.०४ वर बेतलेल्या मिंट २२ च्या मालिकेवर जावं लागेल. क्यूबिकमधलं जुनं काम नव्या आवृत्तीच्या आयएसओवर तसंच उचलून ठेवता येत नाही, नवा फोल्डर करावा लागतो. म्हणून टर्मिनलात जी पॅकेजं बसवली आणि जी काढली त्यांची यादी पहिल्यापासून एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहीत जा, आणि स्केलमध्ये टाकलेला फोल्डर वेगळा जपून ठेवा. नवी आयएसओ घेतली की ती यादी टर्मिनलात चिकटवायची, फोल्डर आत ओढायचा. चांगलं नेट असलं तर एका सुटीच्या दिवशी नवी डिस्क हातात येते.